लेकीच्या भरल्या नळ्या

पडद्यांच्या दुकानामागच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं आणि त्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला मावशी बसत. सगळी गल्ली त्यांना पडदेवाल्या मावशी म्हणे, ज्यांच्या घरात त्यांनी शिवलेला एकही पडदा नव्हता ते लोकसुद्धा. दुकानाचा मालक थकला, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसू लागला, पायाचं मशीन जाऊन विजेचं आलं, पण मावशींची जागा काही हलली नाही. पडद्याच्या चुण्या पाडाव्यात तर त्यांनीच. पडदा उघडला-मिटला तरी चुणी जिथल्या तिथे, जशी काही तिला शिस्त लावलीय.

शिस्त त्यांनी सगळ्यांनाच लावली होती. नवरा लवकर गेला, तेव्हा लेक शाळेत होती. एकटीनं वाढवायचं म्हणजे धाक हवा, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं आणि तो धाक त्यांच्या जिभेवर जाऊन बसला तो कायमचा. विशेषतः विकतच्या वस्तूंवर त्यांचा भारी राग. तयार पडद्यांचं दुकान लागलं की त्या चक्क रस्ता ओलांडून पलीकडून जात. विकतचा पडदा, विकतचा मुरंबा, विकतचा केक, सगळ्यांना एकच शेरा: “ज्याला हात नाहीत त्यानं घ्यावं.”

अशा बाईच्या पोटी लेक आली ती मात्र खळखळून हसणारी. घराच्या जिन्यात ती हसली की खालच्या टायरवाल्याला वर कोण आलंय ते कळे. एका मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ती कामाला लागली, आधी वाढपाच्या खिडकीवर आणि मग आत, स्वयंपाकात. तिथेच समोरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा एक शांत मुलगा रोज जेवायला येई. त्याला आईवडील नव्हते, सख्खं म्हणावं असं कुणी नव्हतं. लग्न झाल्यावर तो मावशींच्याच घरी राहायला आला. गल्लीनं घरजावई म्हणून चिडवलं, तर तो चष्मा पुसत म्हणे, “घर त्यांचं, जावई मी, जोडशब्द तेवढा तुमचा.” मावशींना ते उत्तर इतकं आवडलं, की त्या दिवसापासून जावयाबद्दल वाकडा शब्द काढायची कुणाची छाती झाली नाही.

कॅन्टीनच्या मुख्य आचाऱ्याकडून लेक एक पदार्थ शिकून आली. पास्त्याच्या बोटाएवढ्या जाड, पोकळ नळ्या. त्यात पालक आणि मऊ, दाणेदार चीज भरायचं, ट्रेमध्ये ओळीनं निजवायच्या, वरून टोमॅटोचा सॉस घालायचा, चीज किसायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. त्याचं खरं नाव परक्या भाषेतलं होतं आणि मावशींच्या जिभेवर ते दोनदा घसरलं.

“मिरची भरतात, टोमॅटो भरतात,” मावशी म्हणाल्या होत्या, “नळ्या कसल्या भरता? त्यासाठी प्लंबरला बोलवा.”

लेक हसून हसून बेजार झाली. तेव्हापासून घरात त्या पदार्थाचं नाव पडलं भरल्या नळ्या. आणि पहिला घास घेतल्यावर प्लंबरची भाषा करणाऱ्या मावशींनी मुकाट्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग महिन्यातला एखादा रविवार त्या नळ्यांचाच झाला. लेक मावशींना स्वयंपाकघरात फार थांबू देत नसे. त्यांच्याकडून पालक निवडून घ्यायची, धुऊन घ्यायची आणि म्हणायची, “आता जा बाई तू. कोपऱ्यावरनं ताजा ब्रेड घेऊन ये.” मावशी पिशवी घेऊन निघायच्या. परत येईपर्यंत जिन्यात टोमॅटोचा वास दरवळत असायचा आणि त्या टायरवाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, “माझी लेक सॉससुद्धा घरी करते हो!”

नात झाली. पुढचे दोन दात आधी आले आणि तसेच पुढे राहिले, म्हणून तिला सगळे खारू म्हणू लागले. खारू शाळेत जायला लागली, नळ्यांची चौथी वाटेकरी झाली, आणि घर भरल्यासारखं झालं.

मग लेकीला थकवा येऊ लागला. आधी सगळ्यांनी तो कामाचा थकवा धरला. मग अंगावर निळे डाग दिसायला लागले, कुठे लागल्याशिवायच. तपासण्या झाल्या, रक्ताचा आजार निघाला. हिवाळ्यात ती हॉस्पिटलमध्ये दाखल झाली आणि झाडांना नवी पानं फुटायच्या आत गेली.

त्या हिवाळ्यात मावशी आणि जावई हॉस्पिटलच्या एकाच बाकावर इतके बसले, की त्यांच्यातलं सासू-जावयाचं अवघडलेपण झिजून गेलं. लग्नापासून मावशी त्याला ‘अहो’ म्हणत, ‘तुम्ही’ म्हणत. ज्या दुपारी डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून दार लावून घेतलं, त्या दुपारी बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला आणि मावशींच्या तोंडून निघालं, “ऊठ बाळा. तू असं केलंस तर मी कुणाकडे बघू?” ते ‘तू’ मग तसंच राहिलं.

तीन वर्षं तिघांनी एकमेकांना धरून काढली. खारूची वेणी मावशी घालत, अभ्यास जावई घेई. भरल्या नळ्यांचं नाव घरात कुणी काढलं नाही. तो ट्रे मावशींनी ओव्हनमध्येच ठेवला आणि ओव्हनचा उपयोग जुन्या पिशव्या ठेवायला होऊ लागला.

आणि मग जावयाच्या अंगावर नवा शर्ट आला.

मावशींना कापडाची नजर होती. दुसरा नवा शर्ट आला, त्यालाही त्या काही बोलल्या नाहीत. तो संध्याकाळी उशिरा यायला लागला, येताना गुणगुणायला लागला, मग दारात आल्यावर एकदम गप्प व्हायला लागला. ते गप्प होणं मावशींच्या जास्त जिव्हारी लागलं. एका संध्याकाळी त्या भाजी चिरत असताना तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसू लागला.

“आई, थोडं बोलायचं होतं.”

“बोल की.”

“एक जण आहे. आमच्या रस्त्यावरची बस चालवते. रोज जाताना येताना... म्हणजे आधी नुसती ओळख होती.”

मावशींची सुरी थांबली नाही. “खारूला माहीत आहे?”

“दोन-तीनदा भेटलीय ती. तुम्हाला सांगायला मला धीर होत नव्हता.”

“ठरवलंत ना तुम्ही?” मावशी म्हणाल्या. “मग झालं.”

त्या ‘तुम्ही’नं तो जागच्या जागी दचकला. मावशींनाही ऐकू आलं आपण काय म्हणालो ते, पण शब्द परत घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी चिरलेली भाजी पातेल्यात लोटली आणि मागे न वळता त्या म्हणाल्या, “रविवारी जेवायला बोलवा त्यांना. मी भरल्या नळ्या करीन.”

“आई, त्या कशाला? साधं काहीतरी करा ना.”

“का? पाहुण्यांना घरातलं खास काही नको का?”

त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या बाईला कळू दे, हे घर कुणाचं होतं. तिच्या तोंडात आपल्या लेकीच्या हातची चव जाऊ दे आणि घास घशात अडकू दे. शिव्या देता येत नव्हत्या, दार लावून घेता येत नव्हतं, तेव्हा मावशींनी हे हत्यार काढलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी ओव्हनमधल्या पिशव्या बाहेर काढल्या. ट्रे घासला. कोपऱ्यात काळपट काहीतरी चिकटलं होतं, ते नखानं खरवडताना त्यांच्या लक्षात आलं, की हे तिच्या शेवटच्या खेपेचं असणार. मग तेवढा कोपरा तसाच ठेवून त्यांनी ट्रे पालथा घातला.

कसं करायचं हे, ब्रेड घेऊन परतल्यावर पाहिलेल्या लेकीच्या हातांवरून, त्यांना आठवायचं होतं. नळ्या पुऱ्या शिजवायच्या नाहीत, जरा कच्च्या असतानाच काढायच्या, एवढं त्यांना आठवत होतं. पालक उकळत्या पाण्यातून काढून फडक्यात घट्ट पिळायचा, नाहीतर आत पाणी सुटतं. त्यांनी तो असा पिळला, की हिरवं पाणी मनगटापर्यंत ओघळलं. चीज, मिरपूड, जायफळ किसून. मग भरायला बसल्या. चमच्यानं भरायला गेल्या तर पहिली नळी उभी फाटली, दुसरीही फाटली. तेव्हा त्यांना प्लॅस्टिकची पिशवी आठवली. लेक सारण पिशवीत घालायची, पिशवीचा कोपरा कात्रीनं कापायची आणि वरून दाबायची. एका बाजूनं अर्धी, मग नळी फिरवून दुसऱ्या बाजूनं अर्धी. मधे पोकळी राहिली की ती म्हणायची, “आई, ही उपाशी राहिली बघ.”

मावशींनी एक एक नळी भरली आणि एकही उपाशी ठेवली नाही. हात चालत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्या खांद्यानं पुसत होत्या, कारण हात चीजचे होते.

सॉस मात्र त्यांनी कधी होताना पाहिला नव्हता. पण त्यात काय, त्यांनी स्वतःशी म्हटलं. टोमॅटो उकडले, सालं काढली, गाळले, कांदा-लसूण परतून त्यात ओतले आणि आटवत बसल्या. सॉस आटेना. जेवायची वेळ होत आली तेव्हा त्यांनी पातळसाच ट्रेमध्ये ओतला. नळ्या निजवल्या, वर चीज किसलं, ट्रे आत सरकवला. ओव्हनचं दार नीट लागत नसे. त्याला स्टूल टेकवून त्या स्टुलावरच बसून राहिल्या.

बसवाली थेट कामावरून आली. अंगात कामाचाच निळा शर्ट होता, बाह्या दुमडलेल्या, हातात संत्र्यांची पिशवी. उंच, रुंद खांद्यांची बाई. मावशींनी मनाशी कुणीतरी नटवी, गोड गोड बोलणारी बाई रंगवून ठेवली होती, तिच्यासाठी चार टोमणेही घासून पुसून तयार होते. पण ही आली ती चपला काढून म्हणाली, “मावशी, आधी हात धुऊ का? दिवसभर स्टिअरिंग धरून काळे झालेत.” त्यावर टोमणा कसा मारणार?

जेवायला बसले. ट्रे टेबलावर आला. तळाशी लाल पाणी साचलं होतं आणि वरच्या बाजूनं नळ्या पुठ्ठ्यासारख्या ताठ झाल्या होत्या. तरी त्यांनी वाढलं. पाहुणीच्या ताटात सगळ्यात आधी, भरपूर.

“माझ्या लेकीच्या आवडीच्या ह्या नळ्या,” त्या म्हणाल्या. “ती फार सुरेख करायची.”

“यांनी सांगितलंय मला,” बसवाली म्हणाली आणि खायला लागली.

खारूनं एक तुकडा तोडला, तोंडात घातला, चावला आणि तिचा चेहरा बदलला.

“आजी, ही आईची नाहीये.”

“अगं तीच आहे. पालक आहे, चीज आहे...”

“नाही! आईची गोडसर लागायची. ही आंबट आहे. ही आईची नाहीच आहे.” काटा ताटात टाकून ती रडायला लागली. तीन वर्षांत ती परक्या माणसासमोर अशी रडली नव्हती. तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशी.

बसवाली मात्र खाली मान घालून खात राहिली. मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला.

“राहू द्या हो. बळेच कशाला खाता?”

“बळेच नाही, मावशी. पहाटेपासून गाडीवर आहे, पोटात काही नाही. कडा कडक झाल्यात, पण आतलं चांगलं आहे.”

“मी सगळं तिच्यासारखंच केलं,” मावशी म्हणाल्या. आता त्या कुणाशी बोलत होत्या ते त्यांनाच कळत नव्हतं. “नळ्या भरल्या. टोमॅटो उकडले, एकेकाचं साल काढलं, गाळले, तासभर आटवले. चुकलं कुठे?”

जावयानं मान खाली घातली होती. त्याचे खांदे हलायला लागले. मावशींना वाटलं, हाही रडतोय. पण त्यानं तोंड वर केलं तर तो हसत होता, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर अपराध्यासारखं हसू.

“आई, ती टोमॅटो उकडायचीच नाही.”

“म्हणजे?”

“बाटली आणायची. तयार सॉसची.”

“कसली तयार?”

“विकतची, आई.”

खारूचं रडणं थांबलं.

“तुम्हाला ब्रेड आणायला पाठवायची ना,” तो म्हणाला, “तुम्ही जिना उतरलात की कपाटाच्या वरून बाटली काढायची, पातेल्यात ओतायची, वर एक कांदा परतून टाकायची, वासापुरता. रिकामी बाटली मी माझ्या पिशवीतून नेऊन दुकानाच्या कचऱ्यात टाकायचो.”

“खोटं,” मावशी म्हणाल्या. “कचऱ्यात टोमॅटोची सालं असायची. मी माझ्या डोळ्यांनी बघितलीत.”

“मुद्दाम सोलायची. सालं तुम्हाला दिसतील अशी वर ठेवायची. सोललेले टोमॅटो आम्ही दोघं मीठ लावून उभ्या उभ्या खाऊन टाकायचो, तुम्ही यायच्या आत. एकदा तुम्ही लवकर आलात, तेव्हा तिनं अख्खा टोमॅटो तोंडात कोंबला होता. दात दुखतोय म्हणून सांगितलं होतं तुम्हाला.”

मावशींना तो रविवार आठवला. त्यांनी तिला लवंग दिली होती दाताखाली धरायला आणि ती पोर गाल फुगवून मान डोलवत राहिली होती. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. तो हुंदका असावा असं सगळ्यांना वाटलं, पण तो हसण्याचा होता. त्या हसल्या त्या हसतच राहिल्या, पदरात तोंड घालून, अंग गदगदून. जावई हसत होता, खारू नाक पुसत हसत होती, आणि बसवालीनं ओठ दाबून धरले होते, कारण आपल्याला इथे हसायचा हक्क आहे की नाही हे तिला कळत नव्हतं.

किती काळानंतर लेकीबद्दल काहीतरी नवीन कळलं होतं! गेल्यापासून त्याच त्या आठवणी मावशी पुन्हा पुन्हा काढत आणि घडी करून ठेवून देत, त्या घडीवर विरायला लागल्या होत्या. आणि आज ही पोर अचानक समोर येऊन उभी राहिली होती, टोमॅटोनं गाल फुगवून.

हसू ओसरल्यावर मावशींनी विचारलं, “पण लपवायचं कशाला? मी काय खाल्लं असतं तिला?”

“तुम्ही बोलाल म्हणून...” जावई बोलून गेला आणि मधेच थांबला. “म्हणजे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

“हं,” मावशी म्हणाल्या. आणि पाण्याचा जग भरलेला असतानाही तो उचलून त्या आत गेल्या.

स्वयंपाकघरात त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. मागून बसवाली रिकामी ताटं घेऊन आली आणि आवाज न करता एकावर एक ठेवू लागली.

“माझी लेक मला घाबरायची,” मावशी म्हणाल्या. “आज कळलं मला. आता कुणाला सांगू, की बाई, आण गं तुला हव्या तेवढ्या बाटल्या?”

बसवालीनं तोंडदेखलं काही म्हटलं नाही. घाबरत नसेल हो, असंही म्हणाली नाही. शेवटचं ताट ठेवून ती म्हणाली, “मावशी, मी तिच्याबद्दल तुम्हाला विचारलं तर चालेल का? यांना विचारलं की हे गप्प होतात. आणि ज्या बाईबद्दल घरात कुणी बोलत नाही तिच्या घरात वावरायचं मला जड जातं.”

मावशींनी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. “मी ह्या नळ्या तुमच्या पाहुणचारासाठी केल्या नव्हत्या.”

“माहीत आहे.”

“ते कसं काय?”

“वाढताना तुम्ही ताटाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.”

मावशींनी नळ सोडला आणि ताटं धुवायला घेतली. बसवालीनं फडकं उचललं आणि एक एक पुसून ठेवू लागली.

संत्री खाताना जावयानं उरलेलं सांगितलं. बसवालीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, डेपोच्या मागे. तिची पहाटेची पाळी असे, त्यामुळे तिला इकडे येऊन राहणं जमणारं नव्हतं. तिकडे खारूसाठी वेगळी खोली होती, शाळाही जवळ होती. “आई, तुम्हीपण चला,” तो म्हणाला. तो मनापासून म्हणतोय हे दिसत होतं, म्हणून तर मावशींना ते ऐकवेना.

“माझं टेबल इथे आहे,” त्या म्हणाल्या. “मी कुठे येऊ?”

पानगळीच्या दिवसांत जावई आणि खारू तिकडे राहायला गेले. खारूची पुस्तकं, तिची सायकल, जावयाची काचा घासायची जुनी अवजारं, सगळं एका छोट्या टेम्पोत मावलं. मावशींनी खारूची वेणी नेहमीपेक्षा घट्ट घातली आणि ती “आजी, दुखतंय” म्हणाली तरी सोडून परत घातली नाही.

घर एकदम मोठं झालं. मावशी सकाळी दुकानात लवकर जाऊ लागल्या आणि मालकाच्या मुलानं दिवा मालवायला घेतला तरी उठेनात. तयार पडद्यांच्या दुकानासमोरून त्या आता सरळ जात. रस्ता ओलांडायचा त्यांना कंटाळा येई.

एकदा त्या किराणा दुकानात साबण घ्यायला गेल्या असताना फळीवर त्यांना त्या बाटल्या दिसल्या. लाल, बसक्या, वर हिरवं झाकण. दोन-तीन प्रकारच्या होत्या, लेक कुठली आणायची देव जाणे. त्यांनी त्यातल्या त्यात साधी दिसणारी एक घेतली आणि पिशवीत साबणाच्या खाली ठेवली, कुणी बघेल म्हणून. घरी येऊन झाकण उघडायला गेल्या तर उघडेना. फडकं धरून जोर केला तेव्हा फट्‌दिशी आवाज आला. चमचा बुडवून त्यांनी जिभेवर ठेवला.

गोडसर. तोच.

ओट्याशी उभ्या उभ्या त्यांनी अर्धी बाटली चमच्यानं संपवली. मग त्या खाली बसल्या आणि इतक्या मोठ्यांदा रडल्या, की टायरवाला जिना चढून वर आला आणि दार वाजवू लागला. “काही नाही हो,” त्या आतून म्हणाल्या, “बोट भाजलं.”

दर दुसऱ्या रविवारी त्या बस बदलून डेपोमागच्या घरी जात. लग्न साधंसं झालं, मावशी त्याला गेल्या आणि वेळेवर परतल्या. बसवाली त्यांचं तोंडभरून कौतुक वगैरे करत नसे. त्या आल्या की एक खुर्ची खिडकीपाशी सरकवून ठेवी, कारण त्यांना उजेडात बसायची सवय आहे हे तिनं पहिल्याच खेपेला पाहिलं होतं. लेकीचा फोटो खारूच्या खोलीत होता, आणि बसवालीला त्याच्यावरची धूळ पुसताना मावशींनी एकदा दारातून पाहिलं होतं. खारू उंच होत चालली होती. वेणी जाऊन केस खांद्यापर्यंत कापले गेले होते, ते तिला शोभतही होते. शाळेतल्या मैत्रिणींच्या गोष्टी ती इतक्या भरभर सांगे, की मावशींना अर्धी माणसं कळत नसत. त्या आपल्या हं हं म्हणत.

अशाच एका रविवारी मावशी स्वयंपाकघरात बसून खारूच्या फ्रॉकची उसवलेली शिवण घालत होत्या. बसवाली त्यांच्याकडे पाठ करून काकडी चिरत होती. आतल्या खोलीतून खारूनं हाक मारली.

“आई! माझा निळा मोजा कुठाय?”

आणि पाठोपाठ आत सगळं चिडीचूप झालं. आजी बाहेर बसलीय हे पोरीला आठवलं असणार. बसवालीची सुरी थांबली. तिची मान, तिचे रुंद खांदे ताठ झाले होते. ही हाक काही पहिल्यांदा आलेली नव्हती, हे मावशींना त्या पाठीवरूनच कळलं. फक्त आजवर ती त्यांच्या कानावर येऊ दिली नव्हती.

या घरातही आपल्यापासून लपवाछपवी सुरू झाली, मावशींच्या मनात आलं. सुई बोटात किती खोल गेलीय ते त्यांना नंतर दिसलं.

“पोरगी हाक मारतेय,” त्या म्हणाल्या. “ओ द्या तिला.”

बसवाली मावशींकडे वळली नाही. तिनं सुरी खाली ठेवली, दाराकडे तोंड केलं आणि बारीक आवाजात म्हणाली, “ओ गं. दोरीवर आहे बघ.”

संध्याकाळी खारू आजीला सोडायला स्टॉपपर्यंत आली. तिनं आजीचा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला होता. मावशींनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बस आल्यावर चढून खिडकीशी बसल्या. पोर मागे पडेपर्यंत त्यांनी हात हलवला. मग हात मांडीवर ठेवला आणि रडू लागल्या. पुसायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

पुढच्या स्टॉपवर त्यांच्याच वयाची एक बाई भाजीची पिशवी घेऊन शेजारी बसली. थोडा वेळ तिनं खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं, मग राहवेना.

“काही दुखतंय का हो तुम्हाला?”

“हो,” मावशी म्हणाल्या, आणि तिच्या पिशवीला जागा व्हावी म्हणून जराशा आत सरकल्या.